रेडिओ घरात, आराखडा कुठे?

इंदूरच्या पोलोग्राउंड या नावात घोड्यांचा खेळ उरला असला, तरी आज तिथे कारखान्यांची वसाहत आहे. पश्चिम मध्य प्रदेशाला वीज पुरविणाऱ्या कंपनीचे मुख्यालय याच भागातल्या जीपीएच आवारात आहे. आजूबाजूला लहानमोठी वर्कशॉपे, गोदामे आणि मोटार वाइंडिंगची दुकाने. आत्याचे सासर इंदूरचे. तिच्या सासऱ्यांनी हौसेने घेतलेला भारतीय बनावटीचा व्हॉल्व्हचा रेडिओ गेली काही वर्षे मुका होता. त्याचा जळलेला ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून घ्यावा म्हणून गेल्या वर्षी तो पिशवीत घालून पोलोग्राउंडला नेला. दुकानातल्या वयस्क कारागिराने तो हातात घेऊन वजन अजमावले, जळक्या कागदाचा वास घेतला आणि विचारले, “दादा, तार मी गुंडाळून देतो. पण किती व्होल्ट काढायचे, ते तुम्ही सांगा. याचं सर्किट आहे का?”

सर्किट नव्हते. ते इंटरनेटवर सहज मिळेल, या समजुतीने त्या रात्री शोध सुरू झाला आणि तो आठवडाभर चालला. त्या आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. जुन्या रेडिओंच्या माहितीपुस्तिकांचे प्रचंड साठे आज संगणकावर आहेत. परंतु साठा असणे आणि तो सामान्य माणसाच्या हाती येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि भारतात बनलेल्या संचांच्या बाबतीत तर साठाच अपुरा आहे. गोव्यातील अनेक जुन्या घरांत असे संच अजून कपाटावर बसलेले असल्याने या विषयाची माहिती एकत्र मांडणे उपयोगी ठरेल.

पुस्तिकेत असते तरी काय?

ग्राहकाला मिळणारी पुस्तिका आणि मेकॅनिकसाठी छापलेली सर्व्हिस मॅन्युअल यांत फरक आहे. पहिलीत बटणे कशी फिरवावीत आणि एरियल कुठे लावावी, एवढेच असते. दुसरीत संपूर्ण विद्युत आराखडा, प्रत्येक रेझिस्टर व कंडेन्सरचे मूल्य, व्हॉल्व्हच्या प्रत्येक पिनेवर अपेक्षित असलेला दाब, डायलची दोरी ओवण्याची आकृती आणि ट्यूनिंग जुळविण्याची क्रमवार पद्धत दिलेली असते.

या तपशिलांना पर्याय नाही. जळून कोळसा झालेल्या रेझिस्टरवरचे रंगांचे पट्टे वाचता येत नाहीत. त्याचे मूल्य आराखड्यातच पाहावे लागते. संचातील मध्यम कंप्रता, ज्याला मेकॅनिक ‘आयएफ’ म्हणतात, तीही सर्वत्र सारखी नसते. अनेक संचांत ती ४५५ किलोहर्ट्झ असते, फिलिप्सच्या युरोपीय संचांत बहुधा ४५२, तर कित्येक ब्रिटिश संचांत ४६५ किंवा ४७०. चुकीच्या आकड्यावर जुळवणी केली, तर रेडिओ चालतो. परंतु डायलवरची केंद्रे जागेवर लागत नाहीत.

याहून महत्त्वाचा मुद्दा जिवाचा आहे. केवळ एसीवर चालणाऱ्या संचात घरातली वीज आणि आतला धातूचा सांगाडा यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असतो. एसी आणि डीसी या दोन्हींवर चालणाऱ्या संचांत तो नसतो. प्लग उलटा लागला तर चेसिसवरच मुख्य वीज उतरते. फिलिप्सच्या जुन्या युरोपीय क्रमांकांत ही बाब शेवटच्या अक्षरावरून कळते: ‘ए’ म्हणजे एसी, ‘यू’ म्हणजे दोन्हींवर चालणारा, ‘बी’ म्हणजे बॅटरीचा. ज्याला हे ठाऊक नाही, त्याने उघड्या संचाला हात लावणे धोक्याचे आहे.

साठे कोणते?

कागदी युगात हे काम काही मोजक्या प्रकाशनांनी केले. अमेरिकेत जॉन रायडर यांनी १९३१ पासून आराखड्यांचे जाडजूड खंड काढले. त्यांची संख्या २३ वर गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ पासून, सॅम्स कंपनीच्या ‘फोटोफॅक्ट’ पुस्तिका आल्या. ब्रिटनमध्ये ‘ट्रेडर’ या व्यापारी नियतकालिकाची सर्व्हिस पत्रके आणि न्यून्स या प्रकाशनसंस्थेचे वार्षिक खंड मेकॅनिकच्या टेबलावर असत.

आज यातील बराचसा मजकूर संगणकावर आला आहे. ‘वर्ल्ड रेडिओ हिस्टरी’ हे पूर्वी ‘अमेरिकन रेडिओ हिस्टरी’ या नावाने ओळखले जाणारे संकेतस्थळ जुनी नियतकालिके आणि पुस्तके विनामूल्य देते. स्वित्झर्लंडमध्ये अर्न्स्ट एर्ब यांनी उभारलेले ‘रेडिओम्युझियम’ म्हणजे संचांचा जागतिक कोशच. परंतु सभासद नसलेल्यास तेथील आराखडे मर्यादित प्रमाणातच मिळतात. हौशी रेडिओचालकांचे आणि लष्करी वापरातील जड संच ज्यांना हवे असतात, त्यांच्यासाठी ‘बामा’ हा संग्रह आहे. अशा वजनदार संचांना अमेरिकेत विनोदाने नौकेचे नांगर म्हणतात. संग्रहाच्या नावाचा उगम तोच. याशिवाय ब्रूस्टर काहल यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेले ‘इंटरनेट आर्काइव्ह’ आहेच. तेथे २०२२ मध्ये हौशी रेडिओ आणि दळणवळण यांना वाहिलेले स्वतंत्र डिजिटल ग्रंथालय सुरू झाले.

हे साठे आपोआप तयार झालेले नाहीत. २०१५ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड राज्यात जुन्या मॅन्युअलचा व्यापार करणारे एक दुकान बंद होत होते आणि हजारो पुस्तिका कचऱ्यात जाण्याच्या बेतात होत्या. इंटरनेट आर्काइव्हचे जेसन स्कॉट यांनी स्वयंसेवक गोळा करून त्या खोक्यांत भरून बाहेर काढल्या. खोकी वाचली, तरी त्यांतील पाने लगेच संगणकावर आली नाहीत. स्कॅनिंगला पैसा आणि माणसे मिळेपर्यंत वर्षे गेली. जपणूक आणि उपलब्धता यांत किती अंतर असते, हे या उदाहरणावरून दिसते.

दारे बंद का होतात?

पहिली अडचण तांत्रिक बदलांची. सुरुवातीचे अनेक संग्रह एफटीपी या जुन्या पद्धतीने ठेवलेले होते. २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरनी एफटीपीचा आधार काढून टाकला. साठा जागेवर असला, तरी दुवा दाबल्यावर काहीच उघडत नाही. वाचकाला वाटते, संग्रह नष्ट झाला. प्रत्यक्षात त्याला ‘फाइलझिला’सारखा वेगळा प्रोग्राम लागतो.

दुसरी अडचण फाइलच्या प्रकाराची. ‘बामा’सारख्या संग्रहांनी आपली पाने ‘देजाव्यू’ या स्वरूपात साठविली. यान लकून, लेआँ बोतू आणि सहकाऱ्यांनी एटी अँड टीच्या प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकात ते घडविले. इंटरनेट मंद आणि जागा महाग असतानाच्या त्या काळात मोठी स्कॅन केलेली पाने लहान आकारात बसविण्याची ही युक्ती फार मोलाची होती. मात्र पुढे पीडीएफ सर्वत्र रूढ झाले. आजच्या मोबाइलवर देजाव्यू फाइल उतरविली, तर ती उघडण्यासाठी आधी निराळे ॲप शोधावे लागते, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात.

तिसरी अडचण संकेतस्थळांच्या नाजूकपणाची. यांतील कित्येक संग्रह एखाद्या निवृत्त अभियंत्याने स्वतःच्या खर्चाने चालविलेले असतात. तो थकला, वारला किंवा नोंदणीचे शुल्क भरायचे राहून गेले, की सारा साठा एका रात्रीत दिसेनासा होतो. मोठ्या संस्थाही सुरक्षित नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला. सुमारे ३ कोटी १० लाख खात्यांची माहिती फुटली आणि संकेतस्थळ काही दिवस बंद राहिले.

चौथी अडचण पैशांची आणि फसवणुकीची. काही ठिकाणी डॉलर किंवा युरोमध्ये सभासद शुल्क मागतात आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय व्यवहाराला मुभा असलेले कार्ड लागते. ते प्रामाणिक असते. परंतु त्यांच्याच शेजारी अन्यत्र फुकट मिळणाऱ्या फाइली विकणारी दुकाने असतात. ‘डाउनलोड’ लिहिलेली चार बटणे, त्यांतली तीन जाहिरातींची, आणि शेवटी हाती येते ती भलत्याच संचाची पुस्तिका.

पाचवी अडचण शोधण्याची. स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरे संगणकाने ओळखलेली नसतील, तर शोधयंत्राला ते पान म्हणजे नुसते चित्र. मॉडेल क्रमांकातील एखादी मोकळी जागा किंवा आडवी रेघ इकडेतिकडे झाली, तरी शोध फसतो. मोठी घडीची पाने अर्धवट स्कॅन केलेली असतात आणि नेमका हवा असलेला भाग शिवणीत गेलेला असतो.

भारतीय संचांची निराळी कथा

वरील अडचणींवर चिकाटीने मात करता येते. भारतीय बनावटीच्या रेडिओंसमोरचा प्रश्न त्याहून अवघड आहे.

फिलिप्स कंपनी १९३० मध्ये कोलकात्यात आली. टाटा समूहाशी संबंधित नॅशनल एको कंपनी १९४० मध्ये उभी राहिली. ठाण्यात मर्फीचा कारखाना होता आणि त्याच्या जाहिरातीतील गुबगुबीत बाळ महाराष्ट्र-गोव्याच्या घराघरांत ओळखीचे झाले. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने साठच्या दशकाच्या आरंभी फिलिप्सच्या सहकार्याने रेडिओचे व्हॉल्व्ह देशातच बनविण्यास सुरुवात केली. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर गाजलेली ‘बिनाका गीतमाला’ आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेली विविध भारती ऐकण्यासाठी लोकांनी हेच संच घेतले. इंदूरचे आकाशवाणी केंद्र २२ मे १९५५ रोजी सुरू झाले. माळव्यातील अनेक घरांत पहिला रेडिओ त्यानंतरच्या वर्षांत आला.

मर्फी, बुश, एको ही नावे मूळची ब्रिटिश. साहजिकच ब्रिटिश पत्रकांत त्यांचे आराखडे सापडतील, असे वाटते, आणि सापडतातही. पण ते आपल्या संचाचे नसतात. ब्रिटनमध्ये दीर्घ लहरींवर प्रक्षेपण होई, म्हणून तेथील संचांत तो पट्टा असे. भारतात त्याचा उपयोग नव्हता. येथे सिलोन, लंडन आणि दूरची केंद्रे ऐकण्यासाठी लघुलहरींचे दोनतीन पट्टे लागत. त्यामुळे नाव तेच असले, तरी कॉइल वेगळे, व्हॉल्व्ह वेगळे आणि जोडणीही वेगळी. भारतीय कारखान्यांनी आपल्या विक्रेत्यांसाठी पत्रके छापली. परंतु ती मर्यादित प्रतींत निघाली आणि मेकॅनिकच्या खणात राहिली. दुकान बंद झाले, की ती रद्दीत गेली. त्यांना कोणी रायडर भेटला नाही.

गोव्याच्या बाबतीत तर एक विचित्र उलटापालट आढळते. १९४६ मध्ये येथे रेडिओ केंद्र सुरू झाले. पुढे ते ‘एमिसोरा द गोवा’ म्हणून ओळखले गेले आणि मुक्तीनंतर जानेवारी १९६२ मध्ये आकाशवाणीत आले. पोर्तुगीज राजवटीतील आयातीचे नियम भारतापेक्षा निराळे असल्याने त्या काळातील संच येथे युरोपातूनही येत. जर्मन आणि डच संचांची कागदपत्रे तिकडच्या हौशी लोकांनी काळजीपूर्वक जपली आहेत. म्हणून फोंड्यातल्या एखाद्या घरातील ग्रुंडिग वा टेलिफुंकनचा आराखडा जर्मन भाषेत का होईना, मिळण्याची आशा अधिक. आणि शेजारच्या राज्यात, ठाण्यात, बनलेल्या संचाचा मिळण्याची आशा कमी. दूरचे सापडते आणि जवळचे हरवते. याला तंत्रज्ञान जबाबदार नाही. ज्यांच्याकडे कागद होते, त्यांनी ते जपले की नाही, एवढाच हा प्रश्न आहे.

कायद्याची बाजू

जुनी पुस्तिका स्कॅन करून सर्वांना देणे कायदेशीर आहे का? उत्तर सरळ नाही. कंपनी बंद झाली म्हणून स्वामित्वहक्क संपत नाही. तो दुसऱ्या कोणाकडे गेलेला असू शकतो. १९५७ च्या भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार सरकारी उपक्रमांच्या प्रकाशनांवरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे अशा उपक्रमांनी साठच्या दशकाच्या आरंभी छापलेली व्हॉल्व्हची माहितीपत्रके आता मुक्त होत आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना आपल्याकडील छापील प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा दिली. मात्र जतन करणे म्हणजे इंटरनेटवर सर्वांना खुले करणे नव्हे. परंतु जतनाची मुभा हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयासारख्या संस्थांकडे असे कागद पोहोचले, तर ते निदान वाळवीच्या आणि पावसाळी ओलीच्या तडाख्यातून वाचतील.

आराखडा नसताना

संच हाती आहे आणि कागद नाही, अशा वेळी व्हॉल्व्हच मार्ग दाखवितात. युरोपीय पद्धतीत प्रत्येक व्हॉल्व्हचे नाव हीच एक सांकेतिक माहिती असते. पहिले अक्षर ‘ई’ असेल, तर त्याची तापतार ६.३ व्होल्टची. ‘यू’ असेल, तर सर्व तापतारा दिवाळीच्या दिव्यांच्या माळेप्रमाणे एकापुढे एक जोडलेल्या आणि संच बहुधा ट्रान्सफॉर्मर नसलेला, म्हणजेच जपून हाताळण्याचा. ‘डी’ असेल, तर बॅटरीचा. पुढील अक्षरांत ‘एल’ म्हणजे लाउडस्पीकर चालविणारा, ‘झेड’ म्हणजे एसीचे डीसी करणारा आणि ‘एम’ म्हणजे केंद्र नीट लागले की मिटत येणारा हिरवा डोळा.

आत्याच्या रेडिओचा मागचा पुठ्ठा काढल्यावर आत व्हॉल्व्हच्या जागा दाखविणारा पिवळा पडलेला कागद चिकटवलेला मिळाला. ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४ आणि ईझेड ८०: भारतीय संचांत वारंवार दिसणारी ही जोडणी. या व्हॉल्व्हची माहितीपत्रके इंटरनेटवर सहज मिळतात, कारण ते जगभर वापरले गेले. त्यांच्या तापतारांना अनुक्रमे ०.३, ०.२, ०.२३, ०.७६ आणि ०.६ अँपिअर लागतात, बेरीज २.०९. म्हणजे ६.३ व्होल्टची गुंडाळी किमान तेवढा प्रवाह देणारी हवी. ईएल ८४ हा २५० व्होल्टवर सुमारे ४८ मिलिअँपिअर घेतो. इतर व्हॉल्व्हचा वाटा मिळवला, तरी एकूण प्रवाह ईझेड ८० च्या ९० मिलिअँपिअरच्या मर्यादेत राहतो. म्हणून उच्च दाबासाठी दोन्ही बाजूंना २५० व्होल्टची गुंडाळी. हा हिशेब कागदावर मांडून पोलोग्राउंडच्या कारागिराला दाखविला. त्याने तो दोनदा वाचला, मान हलवली आणि म्हणाला, “आता जमेल.”

वाचकांनी काय करावे?

शोधण्यापूर्वी संचाच्या मागच्या पट्टीचे, चेसिसवरच्या छाप्याचे आणि प्रत्येक व्हॉल्व्हवरील अक्षरांचे स्वच्छ फोटो काढावेत. मॉडेल क्रमांक रोमन लिपीत, मोकळ्या जागेसह आणि मोकळ्या जागेविना, अशा दोन्ही प्रकारे शोधावा. क्रमांकाने काही मिळाले नाही, तर व्हॉल्व्हचा संपूर्ण क्रम शोधावा; त्याच जोडणीचा परदेशी भाऊ सापडू शकतो. मृत दुव्याचा पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये टाकून पाहावा. पैसे भरण्याआधी नमुन्याचे पान आपल्या संचाशी पडताळावे. दाबाचे आकडे माहीत नसताना संच केवळ ‘चालतो का पाहू’ म्हणून विजेला जोडू नये. दशकानुदशके पडून असलेले कंडेन्सर फुटतात आणि ट्रान्सफॉर्मरलाही सोबत नेतात. संच बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये भार राहतो, हे ध्यानात ठेवून उघडण्याचे काम जाणकारावरच सोपवावे.

ज्यांच्या घरी कागद आहेत, त्यांची जबाबदारी अधिक. जुन्या ट्रंकेत, पोस्टातून मिळणाऱ्या रेडिओ परवान्याच्या पुस्तिकेसोबत, दुकानाच्या पावतीला टाचलेले एखादे घडीचे पान असेल, तर ते टाकू नये. मजकुराची पाने ३०० आणि आराखड्याची ६०० डीपीआयवर स्कॅन करावीत. मोठे पान कापू नये. एकमेकांवर थोडे चढणारे भाग घेऊन पुढे जोडता येतात. फाइलच्या नावात कंपनी आणि मॉडेल क्रमांक स्पष्ट लिहावा. परवान्यावर किंवा पावतीवर कोणाचे नाव-पत्ता असेल, तर तो भाग वगळावा. मूळ कागद मात्र कोरड्या जागी, प्लास्टिकऐवजी कागदी पाकिटात ठेवावा.

पोलोग्राउंडहून नवा ट्रान्सफॉर्मर आला. जुने कंडेन्सर बदलल्यावर आत्याच्या बैठकीत रेडिओचा दिवा लागला, आधी गुणगुण आली आणि मग मध्यम लहरींवर माणसाचा आवाज. लघुलहरींचा पट्टा मात्र अजून गप्प आहे. तेथील एक कॉइल तुटली आहे आणि तिला किती वेढे होते, हे आत चिकटवलेल्या कागदावर लिहिलेले नाही. ते ज्या पानावर छापले होते, ते पान कदाचित एखाद्या बंद दुकानाच्या खणात असेल, किंवा हा लेख वाचणाऱ्या कोणाच्या तरी माळ्यावर.